डेटाबेसचे तलाठी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या मोंढ्यातल्या एखाद्या अडत दुकानाचा पोस्टग्रेस डेटाबेस अचानक ज्याच्या गळ्यात पडला आहे, अशा होतकरू माणसासाठी हे मार्गदर्शन आहे. आधी तो सांभाळणारा मुलगा पुण्याला नोकरी लागून गेला. जाताना पासवर्ड मुनीमकाकांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून गेला. आत शेतकरी, पट्टी, उचल, हमाली, तोलाई असे तक्ते आहेत. मालकांची सूचना एकच: "काय करायचं ते करा, पण सोयाबीन आल्यावर बंद पडलं नाही पाहिजे."

सुरुवात चुकीनंच करावी, म्हणजे लवकर उरकते. थेट चालू डेटाबेसात शिरा आणि हातानं एक रकाना वाढवा. उद्या एक इंडेक्स टाका. परवा कुणाची तरी उचल दुरुस्त करताना 'व्हेअर' लिहायचं विसरा, म्हणजे आडगावच्या एका शेतकऱ्याची उचल तालुक्यातल्या सगळ्यांच्या नावावर चढेल. महिनाभरानं कोणता बदल कधी केला हे तुम्हालाही सांगता येणार नाही. इथवर आलात की शिक्षणाला खरी सुरुवात झाली म्हणायची.

आता तलाठी कार्यालय आठवा. हसू नका. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांची कल्पना मांडली. तलाठ्याचं दप्तर पाहिलेल्या माणसाला ती दोन मिनिटांत कळते. नमुना सातवर जमीन कुणाची, बारावर पीक काय, आठ-अ वर एका खातेदाराची सगळी जमीन एका जागी. जोडणारा धागा म्हणजे गट नंबर आणि खाते नंबर. पण आपल्याला शिकायचा आहे तो नमुना सहा, म्हणजे फेरफार. सातबाऱ्यावरचं नाव असंच कुणी पेनानं खोडत नाही. फेरफाराला क्रमांक पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. नोंद चुकली तरी तिच्यावर पांढरी शाई फिरवत नाहीत, नवी नोंद घेतात. (प्रत्यक्षात किती चकरा माराव्या लागतात हा वेगळा विषय आहे आणि त्याला हा लेख पुरायचा नाही.)

डेटाबेस बदलणाऱ्या तुमच्या स्क्रिप्ट म्हणजे हेच फेरफार. प्रत्येक बदलाची वेगळी फाइल, तिला क्रमांक, आणि लावण्याआधी दुसऱ्या माणसाची नजर. एकदा लावलेली फाइल पुन्हा उघडून सुधारायची नाही. फ्लायवेसारखं अवजार जुन्या फाइलीचा चेकसम जपून ठेवतं आणि तुम्ही गुपचूप स्वल्पविराम बदललात तरी अडून बसतं. नावं बदलताना तर जास्तच जपा. शासनानं 2024 मध्ये तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी केलं. गाव अजून तलाठीच म्हणतं. तसं रकान्याचं नाव तुम्ही बदललंत तरी जुना बिलाचा प्रोग्राम जुन्याच नावानं हाक मारणार. काही दिवस जुन्या नावाचा एक व्ह्यू ठेवा.

पुढची पायरी रांजणाची. नवशिका स्क्रिप्टमध्ये लिहितो, "दोन घागरी ओत." अँसिबलसारख्या अवजाराला सांगायचं असतं, "रांजण भरलेला असू दे." पहिली स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तर अंगणभर पाणी. दुसरी दहा वेळा चालवा, रांजण भरलेला दिसला की ती मुकाट परत जाते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना भरल्या रांजणात घागर ओतणं म्हणजे काय हे निराळं सांगायला नको.

सर्व्हरच स्क्रिप्टनं उभा करायचा असेल तर टेराफॉर्म घ्या. ते आधी आराखडा दाखवतं: काय उभं राहील, काय बदलेल, काय पाडलं जाईल. चावडीवर चिकटवलेली नोटीस आपण जितक्या आस्थेनं वाचतो तितक्याच आस्थेनं लोक हा आराखडा वाचतात आणि 'यस' टंकतात. अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या डेटाबेसची साठवण एनक्रिप्ट करायची म्हणून तुम्ही एका ओळीत 'नाही'चं 'हो' करता. आराखड्यात मात्र लिहिलेलं असतं की जुना डेटाबेस पाडून नवा कोरा बांधला जाईल. त्यातून नमुना फाइल कुठून तरी उचललेली असली तर 'शेवटचा स्नॅपशॉट नको' ही ओळही तिच्यासोबत आलेली असते. डिलीट होण्यापासून संरक्षण देणारी ओळ आजच टाका. बाकीचा लेख नंतर वाचलात तरी चालेल.

बॅकअपचं. क्रॉनमध्ये रात्री 2 ची वेळ घाला आणि निर्धास्त झोपा. सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा ग्रिनिचचं असतं, त्यामुळे तुमचा रात्रीचा बॅकअप सकाळी साडेसातला चालेल. दारात ट्रॅक्टर लागलेले असतील, काट्यावर पहिलं पोतं चढलेलं असेल आणि पट्टी काही निघणार नाही. मुनीमकाका तुमच्याकडे बघतील. काही बोलणार नाहीत.

बॅकअप चालला म्हणजे झाला असं नव्हे. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब ही जगभर वापरली जाणारी सेवा चालवणाऱ्या कंपनीतल्या एका थकलेल्या अभियंत्याला वाटलं, आपण दोन नंबरच्या सर्व्हरवर आहोत. तो होता एक नंबरवर. सुमारे 300 जीबी गेले. बॅकअप शोधायला गेले तर बॅकअप काढणारं पीजी-डंप 9.2 चं, डेटाबेस 9.6 चा, म्हणून रोजचा बॅकअप केव्हापासूनच होत नव्हता. आणि तसं कळवणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. योगायोगानं सहा तासांपूर्वी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट सापडला, त्यावर निभावलं. एक समजून दुसऱ्यावर जाण्याच्या अशा घोळाचं अहमदपूरकरांना अप्रूप नाही. आपलं पार्सल अहमदनगरला फिरून आल्याचं घरोघर ऐकू येतं. ते शहर 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, तेवढा एक घोळ मिटला. सर्व्हरचा घोळ टाळायला तुमच्या चालू सर्व्हरच्या टर्मिनलचा रंग लाल करून टाका.

आणि मोंढा बंद असेल त्या दिवशी बॅकअप एका रिकाम्या मशीनवर उतरवून बघा. त्यातल्या चार पट्ट्या काढून मुनीमकाकांच्या वहीशी ताडा. जुळल्या तर चहा मागवा. वहीच्या मागच्या पानावरचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. नवा मात्र तिथंच लिहा. अडचणीच्या वेळी मालक दुसरीकडे कुठं शोधणार नाहीत.