थंडी : द्राक्षांची आणि इतरांची

निफाड तालुक्यातला हिवाळा हा मुख्यतः द्राक्षांचा ऋतू आहे. माणसे त्यात आनुषंगिक म्हणून आढळतात. तालुक्याचा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजतात. 2018 च्या डिसेंबरअखेरीस तो 2 अंशांच्या खाली घसरला आणि निफाडचे काश्मीर झाल्याच्या बातम्यांची वार्षिक सोय झाली. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षाला सोसत नाही. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, आणि पाणी-साखर भरलेले तयार मणी तडकतात.

म्हणून पूर्वतयारी. पहाटे बागेत जागोजाग पालापाचोळा पेटवून धूर करतात आणि ठिबक चालू ठेवतात, कारण विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. शेकोटी वेलींसाठी असली, तरी तिच्यावर हात शेकायला शेतकऱ्याला मनाई नाही. घोंगडी मात्र ज्याची त्याने आणायची.

ठिबकला वीज लागते. शेतीपंपाला ती पाळीने मिळते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, साधारण आठ तास. रात्रपाळी लागली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला निघतो. काठी बिबट्यासाठी. गोदाकाठच्या उसात बिबट्याचा मुक्काम असतो आणि त्याच्या फिरण्याच्या वेळा वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाशी तंतोतंत जुळतात; दोन खात्यांत इतका समन्वय एरवी दिसत नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली. जिथे ती पोचली, तिथे बिबट्याची गैरसोय झाली असणार.

अलीकडे हिवाळ्यातच पावसाळाही उरकला जातो. 26 नोव्हेंबर 2023 रोजी निफाडसह नाशिक जिल्ह्यात गारा कोसळल्या आणि बागा झोडपल्या गेल्या. तेव्हापासून स्वेटर आणि रेनकोट एकाच खुंटीला. ढगाळ, ओलसर हवेत डावणी येते, तिची फवारणी. आभाळ निवळून हवा कोरडी झाली की भुरी, तिची वेगळी. बदलत्या हवामानाशी पुरते जुळवून घेतलेला या परिसरातला एकमेव सजीव म्हणजे औषधांचा दुकानदार.

हवामानखात्याच्या लेखी थंडीची लाट येण्यास अटी आहेत. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली हवे, शिवाय सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. पारा 4 अंशांपर्यंत उतरला तर सरासरी पाहत नाहीत. थंडीची लाट सरकारी आपत्तींच्या यादीत आहे. पण पिकाच्या मदतीला नुकसान 33 टक्के भरावे लागते. 32 टक्के तडकलेली बाग कागदावर धडधाकट असते. रात्री तिला पाणी देणारा माणूस किती टक्के गारठला, यासाठी पंचनाम्यात रकाना नाही.