परधानाचा फोटो

सेल्फीत एक अडचण आहे. ज्याच्याशी आपली जवळीक जगाला दाखवायची, नेमकी त्याच्याकडेच पाठ करून उभं राहावं लागतं. माणसांत हे खपतं. बैलाकडे पाठ करणं मात्र कुठल्याच गोठ्यात शहाणपणाचं मानत नाहीत, त्यात बैल खिलार असेल तर बोलायलाच नको.

माझ्या मामाची राजा-परधान ही जोडी अस्सल माणदेशी खिलार. पांढरीशुभ्र, काटक, लांब अणकुचीदार शिंगांची. स्वभाव असा की कामाला वाऱ्यासारखे आणि ओळख द्यायला अजिबात तयार नाहीत. आमच्याकडे पोळा नसतो, बेंदूर असतो. श्रावणाच्या अमावास्येपर्यंत कोण थांबतंय, म्हणून आषाढातच बैलांची हौस होते. आदल्या दिवशी खांदेमळणी झालेली. बेंदराला सकाळी आंघोळ, शिंगांना हिंगूळ, वर बेगड, टोकांना पितळी शेंब्या, पाठीवर आरशांची झूल, कपाळाला बाशिंग. असा नटलेला परधान पाहून माझ्यातला भाचा जागा झाला आणि त्याने खिशातून फोन काढला.

"दे इकडं, मी काढतो," मामेभाऊ म्हणाला. पण दुसऱ्याने काढलेल्या फोटोत मी नुसता बैलाजवळ उभा असतो. सेल्फीत मात्र बैलाने मला जवळ केलेलं असतं. हा फरक त्याला कळला नाही. परधानालाही कळला नसावा.

"आरं, जनावराला पाठ दावू नगंस," मामा ओसरीवरून ओरडला. कासरा मामेभावाच्या हातात होता, त्यामुळे मी शूर होतो.

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न हलवता त्याला साधारण ३३० अंशांतलं दिसतं, म्हणजे जवळजवळ अख्खं गाव. दिसत नाही ते दोनच ठिकाणी: थेट शेपटीमागे आणि थेट नाकाला लागून पुढे. शेपटीमागे उभं राहू नये, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. राहिली नाकापुढची जागा. सेल्फीवाला नेमकं तिथे डोकं घालतो. परधानाच्या बाजूने पाहिलं तर एक माणूस चालत आला, नाकापुढे येऊन नाहीसा झाला आणि मागे फक्त त्याचा एक हात उरला, तोही काहीतरी काळं धरून हवेत डोलणारा. कोण फुसफुसणार नाही? बैल बिथरू नये म्हणून मी लाल शर्ट मुद्दाम घरी ठेवून आलो होतो. वास्तविक बैलाला लाल-हिरव्यातला फरक धड कळत नाही. त्याला खटकतं ते हलणारं. आणि हात तर मी सतत हलवत होतो.

फोटो निघाले. एकात नुसतं शिंग. एकात माझा कान आणि बाशिंगाचा गोंडा. पुढच्या कॅमेऱ्याला जवळचं सगळं अवाढव्य दिसतं, त्यामुळे एकात फक्त परधानाचं ओलं नाक, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत. फोनच्या सौंदर्यदृष्टीने मला इतकं गोरं केलं होतं की आम्हां दोघांत खिलार कोण, ते शिंगांवरूनच ठरवावं लागलं असतं. नाकाचा फोटो मी पुसणार होतो. पण माणसाच्या बोटाच्या ठशासारखाच प्रत्येक बैलाच्या नाकाचा ठसा निराळा असतो, आणि त्यावरून जनावर ओळखता येतं. म्हणजे ओळखपत्राला चालेल असा फोटो त्याचा आला होता. माझा नव्हता.

पुरणपोळीवर बसल्यावर मी मामाला सुलावेसीतल्या माकडाची गोष्ट सांगितली. २०११ साली डेव्हिड स्लेटर या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचं बटण तिथल्या एका माकडाने दाबलं आणि दात विचकलेला स्वतःचा झकास फोटो काढला. मग अमेरिकेत माकडाच्या वतीने खटला. २०१७ मध्ये तडजोड झाली, की फोटोच्या पुढच्या कमाईतले २५ टक्के त्या माकडांच्या संरक्षणासाठी द्यायचे. कॉपीराइटचा दावा लावायचा अधिकार जनावराला नाही, असं न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं, ते वेगळं.

मामाने बाकीचं सगळं सोडून २५ टक्के तेवढे उचलले. "परधानाच्या कानात बारा आकडी बिल्ला हाय," तो म्हणाला. "खातं काढायला अडचण न्हाई."

"पण मामा, बटण मी दाबलं."

"आन् उभं कोण ऱ्हायलं?"

त्यातल्या त्यात बऱ्या फोटोतून मामाने मला कापलं आणि परधान व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावला. संध्याकाळपर्यंत खरसुंडीकडच्या एका व्यापाऱ्याचा फोन. बैल जुळलाय का, औताला कसा, गाडीला कसा, मारका तर नाही ना, सगळं विचारून झालं. मामा खुलून बोलत होता. मग व्यापाऱ्याने आवाज जरा खाली आणला. बैल एक नंबर, पण फोटोत कानाच्या बुडाशी काहीतरी दिसतंय, चामखीळ आहे का?

मामाने फोन डोळ्यांपुढे धरून नीट पाहिलं.

"चामखीळ न्हाई," तो म्हणाला. "भाचा हाय."