बॅकपॅक आणि खर्रा

दिवाळीचा फराळ डब्याच्या बुडाशी गेला आणि कापसाचे पहिले पैसे हातात पडले की यवतमाळात गोव्याचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उगवू लागतात. यंदाच्या ग्रुपचं नाव ‘गोवा फायनल’. मागच्या वर्षीचं ‘गोवा पक्कं’ अजून तसंच पडून आहे, त्यात फक्त गुड मॉर्निंग येतं. दत्त चौकात चहा पिताना गोवा ठरतो आणि चहाचे पैसे द्यायची वेळ आली की रद्द होतो, ही आपली परंपरा. यंदा मात्र मंडळी खरोखर निघाली. कारण या वेळी ती सहल नव्हती, बॅकपॅकिंग होतं. सहलीला बायको-पोरं येतात, बॅकपॅकिंगला येत नाहीत. एवढा फरक पुरेसा होता.

गटात चौघे. एक कृषी सेवा केंद्रवाला, एक जिल्हा परिषद शाळेतला मास्तर, एक ठेकेदाराचा पोरगा आणि एक पुण्याहून ‘वर्क फ्रॉम होम’ घेऊन आलेला आयटीवाला. बॅकपॅकिंगचं सगळं शास्त्र या चौथ्याकडे. त्यानं सांगितलं की खरा बॅकपॅकर मोजकं सामान घेतो, मिळेल ते खातो, मिळेल तिथं झोपतो आणि पुढचं काही ठरवत नाही. मास्तर म्हणाला, “म्हणजे निवडणुकीच्या ड्यूटीसारखंच की बे.”

मोजक्या सामानाची यादी वाचण्यासारखी होती. मिरचीच्या ठेच्याची बरणी, उरलेला चिवडा, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दोन चादरी, डासांची अगरबत्ती, आणि ‘तिकडलं पाणी बाधते’ म्हणून यवतमाळचं पाणी. पण मुख्य ऐवज म्हणजे खर्रा. गोव्यात काजू मिळतात, फेणी मिळते, खर्रा मिळत नाही, ही खबर ठेकेदाराच्या पोरानं आणली आणि गटात शोककळा पसरली. मग निघायच्या आदल्या रात्री पानठेल्यावर बैठक झाली. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन घोटत होता, घोटत होता, आणि चौघे असे उभे होते जसे ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक. पुड्या मोजून सॅकच्या सगळ्यात आतल्या, वॉटरप्रूफ कप्प्यात ठेवल्या. लॅपटॉप बाहेरच्या कप्प्यात.

आता प्रश्न गोव्याला जायचं कसं. यवतमाळकराला समुद्र गाठायचा तर आधी रेल्वे गाठावी लागते आणि रेल्वे गाठायला धामणगाव नाहीतर बडनेरा गाठावं लागतं. आपल्या गावात रेल्वे नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. १९०३ साली मूर्तिजापूरपर्यंत नॅरोगेज टाकली होती, तीच आपली शकुंतला. गोऱ्या साहेबाला इथला कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून मँचेस्टरला न्यायचा होता. म्हणजे यवतमाळचा कापूस एकशे वीस वर्षांपूर्वी सुखरूप समुद्रावर पोचला, माणसं अजून वेटिंग लिस्टमध्ये आहेत. पुढे शकुंतला थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा ब्रॉडगेज मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून निघालेली गाडी कळंबपर्यंत आली. कळंबचा चिंतामणी विघ्नहर्ता आहे, तेव्हा गाडी तिथं आधी थांबली यात काही चूक नाही.

नागपूर-मडगाव गाडीला चोवीस तासांहून जास्त लागतात, कारण ती आधी कल्याणला जाते, मग विचार करून खाली कोकणात वळते. सरकारला हे हाल बघवले नाहीत. म्हणून शक्तिपीठ महामार्ग आला, म्हणजे कागदावर आला. मूळ आखणी ८०२ किलोमीटरची, बारा जिल्ह्यांतून, त्यात आपलाही. खर्चाचा पहिला अंदाज ८६ हजार कोटी. अठरा तासांचा नागपूर-गोवा प्रवास आठ तासांवर येणार. जिल्ह्याच्या ठिकाणाहून कोलामांच्या एखाद्या पोडावर रुग्णवाहिका किती तासांत पोचते, हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळाच ठेवलेला बरा. रस्त्याचं एक टोक वर्ध्याजवळ पवनारला, दुसरं गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला. पवनारला विनोबांचा आश्रम. जमिनी दान मागत विनोबा पायी देश हिंडले. तिथूनच आता भूसंपादन सुरू होणार. शिवाय हा माणूस वर्षानुवर्षं चालला, तोही सॅक न घेता. आयटीवाल्याच्या शास्त्रात त्याला बॅकपॅकर म्हणायचं की नाही, विचारायला हवं.

असो. मंडळी पोचली. समुद्र पाहिल्यावर पहिली प्रतिक्रिया कृषी केंद्रवाल्याची होती : “एवढं पाणी, अन् एक एकर भिजत नाही!” दुसरी ठेकेदाराच्या पोराची. त्यानं वाळूकडे पाहिलं, मुठीत घेतली, बोटांतून सोडली आणि ब्रासमध्ये हिशोब केला. सोबत रॉयल्टी नाही, तहसीलदार नाही, रात्रीची गस्त नाही, हे पाहून त्याचे डोळे पाणावले. मास्तरनं दोघांचे फोटो काढले आणि खाली लिहिलं, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’.

मुक्काम हॉस्टेलच्या डॉर्मिटरीत. एका खोलीत दहा बंक, एक बाथरूम, चपला बाहेर, दिवा दहाला बंद. मास्तरला गलबलून आलं, डी.एड.च्या वसतिगृहात हेच फुकट होतं. शेजारच्या बंकवर बंगळुरूची दोन पोरं होती. त्यांनी विचारलं, कुठले? यवतमाळ. ती जरा थांबली, मग एक म्हणाला, “ते शेतकरी आत्महत्यांचं ना?” कृषी केंद्रवाल्यानं, ज्याच्या वहीत अर्ध्या गावाची उधारी आहे, खिडकीबाहेर समुद्राकडे पाहणं पसंत केलं. मास्तर म्हणाला, “वाघाचंही आहे.” मग बोलणं वाघावर गेलं आणि सगळ्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डोंगर. कुळ्याहून जीप, जंगलातून दूधसागर. आयटीवाल्याला रुळांवरून चालत जायचं होतं, कारण रीलमध्ये तसंच असतं. पण जुलै २०२३ मध्ये पावसाळ्यात रुळांवरून गेलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, तो व्हिडिओ मास्तरनं पाहिलेला. शाळेत उठाबशा द्यायला बंदी येऊन बरीच वर्षं झाली. ही कला निदान रेल्वे खात्यानं जपली, याचं त्याला समाधान होतं. स्वतः काढायची मात्र तयारी नव्हती. जीपनंच गेले. तीनशे दहा मीटर उंचीवरून पडणारं पाणी पाहून चौघे गप्प झाले. मग ठेकेदाराचा पोरगा म्हणाला, “आपल्या सहस्रकुंडासारखंच आहे, थोडं उभं जास्त.” उमरखेडकडं, पैनगंगेवर. त्यानं ते पाहिलंय का, असं विचारल्यावर कळलं की नाही, गुगलवर पाहिलंय. उमरखेड जरा लांब पडतं.

शेवटच्या रात्री डॉर्मिटरीत वाघाचा विषय पुन्हा निघाला आणि मास्तरनं बंगळुरूच्या पोरांना टिपेश्वरच्या वॉकरची गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घालून निघालेला तरणा वाघ. पाच महिन्यांत सुमारे तेराशे किलोमीटर. तेलंगणात जाऊन आला, शेतं, नाले, हायवे ओलांडले आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढचं काही ठरवलेलं नाही, मिळेल ते खाल्लं, मिळेल तिथं झोपला. आयटीवाल्यानं मान्य केलं की हा खरा बॅकपॅकर. सगळी पायपीट जागेसाठी आणि जोडीदारासाठी, असं जाणकार सांगतात. ज्ञानगंगेत जागा मिळाली, वाघीण नव्हती. त्याच्यासाठी एखादी आणून सोडावी का, यावर तज्ज्ञांचा खल झाला. एवढं ऐकून ठेकेदाराचा पोरगा उसासा टाकत म्हणाला, “वाघासाठी निदान मीटिंग तरी बसली बे.” चार दिवस गोव्यात हिंडून त्याच्याशी एकच मुलगी बोलली होती, तिला स्कूटर बाजूला घ्यायची होती.

परतीला आठ-दहा दिवस झाले. फोटो टाकून झाले, ‘गोवा फायनल’चं नाव बदलून ‘लडाख फायनल’ झालं. पण हिशोब अडला आहे. कृषी केंद्रवाल्याचं म्हणणं, खर्रा सामाईक खर्चात धरावा, कारण तिसऱ्या दिवसानंतर सगळे त्याच्याच पुडीवर जगले. आयटीवाला म्हणतो, तो तर पिंक मारायलाही शिकलेला नाही, त्याच्यावर का? ठेकेदाराच्या पोरानं जेवणाची बिलं दिली, पण ती त्यानं नेहमीच्या सवयीनं वाढवून दिली, असा मास्तरला संशय आहे. मास्तरनं सुचवलं आहे की एक समिती नेमावी, अध्यक्ष तो स्वतः. समितीची पहिली बैठक दत्त चौकात. चहाचे पैसे कुणी द्यायचे, ते अजून ठरायचं आहे.