हस्त-प्रकाशमापकाची निवड : काही शास्त्रीय सूचना

फिल्मवर छायाचित्रण करणाऱ्या ज्या गृहस्थास कॅमेऱ्यातील मीटरवर विश्वास नाही आणि स्वतःच्या डोळ्यांवर त्याहूनही कमी आहे, त्याच्यासाठी हातात धरावयाचा प्रकाशमापक, म्हणजेच लाइट मीटर, हे अत्यावश्यक साधन होय. कॅमेऱ्यात रोल असणे ही त्यामानाने दुय्यम बाब आहे.

प्रथम प्रकार ठरवावा. परावर्तित मीटर वस्तूवरून येणारा प्रकाश मोजतो आणि जगातील यच्चयावत वस्तू सुमारे 18 टक्के प्रकाश परतवणाऱ्या राखाडी रंगाच्या आहेत असे निष्ठेने मानतो, त्यामुळे चुन्याची भिंत आणि काळी म्हैस या दोघींना तो एकाच रंगात रंगवून मोकळा होतो. यास्तव भिंतीसाठी एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप वाढवावे व म्हशीसाठी तितकेच घटवावे. (स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट वा निम्मा होण्याची एक पायरी.) आपाती मीटर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजत असल्याने भिंत-म्हैस वादात पडत नाही, मात्र त्याचा पांढरा घुमट विषयापाशी नेऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून धरावा लागतो, आणि सत्यनारायणाच्या पूजेत तो आजीच्या हनुवटीशी नेला असता ताप मोजला जात आहे अशा समजुतीने आजी तोंड उघडते व छायाचित्रात तशीच येते.

जुन्या वेस्टन मास्टरसारख्या सेलेनियमच्या मीटरला बॅटरी लागत नाही, परंतु त्याचा सेल दमट हवेने खराब होतो. तेव्हा कोकणातले पावसाळे काढलेला मीटर चोरबाजारात विक्रेत्याच्या शपथेवर घेऊ नये, तर निरभ्र दुपारी आयएसओ 100 आणि शटर 1/125 असताना तो एफ/16 च्या आसपास दाखवतो का हे पाहावे, आणि मंद उजेडातही दुसऱ्या मीटरशी ताडावे. कॅडमियम सल्फाइडचे मीटर अंधारातही चालतात, पण प्रखर उजेड पाहिल्यावर काही काळ तोच धरून बसतात. शिवाय त्यांतील अनेकांना हवी असलेली 1.35 व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, म्हणून कानाच्या यंत्रातील 675 क्रमांकाचा सेल बसवावा. आजोबांना आधी विचारावे.

एका अंशाचा कोन मोजणारा स्पॉट मीटर घेऊ नये. तो घेणारा ढगाच्या कडा मोजत राहतो आणि ऊन निघून जाते.

परावर्तित, आपाती व स्पॉट असे तिन्ही प्रकार बाळगून त्यांच्या आकड्यांची सरासरी काढणाऱ्या पंथाविषयी अधिक न लिहिणेच बरे. त्यांच्या पिशवीत सगळे असते, काढलेला फोटो तेवढा नसतो. याउलट, अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सला 1941 साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे चंद्रोदय टिपताना मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची ठाऊक असलेली तेजस्विता आठवून त्याने एक्स्पोजर ठरवले, आणि दुसरे छायाचित्र घेण्याआधीच तिथल्या कबरींच्या क्रुसांवरचे ऊन सरले होते.

सबब, ज्याच्यापाशी एक चालता मीटर आहे त्याने दुसरा न घेता त्या पैशांचे रोल घ्यावेत, आणि प्रत्येकातील छत्तीसच्या छत्तीस फ्रेम पावसाळ्यापूर्वी संपवाव्यात.