काचा फुटल्या, अल्बम आला!

ऑगस्ट २०२३मध्ये लंडनच्या ‘हॅकनी गॅझेट’मध्ये काचा दुरुस्त करून देणाऱ्या दुकानाची जाहिरात झळकली. एरवी कुणी काचेचा भाव विचारला असता. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या चाहत्यांनी मात्र भिंगच काढलं. मजकुरात ‘सॅटिस्फॅक्शन’, ‘गिम्मी शेल्टर’, ‘शॅटर्ड’ ही गाण्यांची नावं बेमालूम पेरलेली आणि इंग्रजी ‘आय’च्या टिंबाजागी बँडच्या बोधचिन्हातली ती सुप्रसिद्ध जीभ. झालं! अल्बम ठरला, दौरा ठरला, तारखांचंच तेवढं बाकी.

अंदाज खरा निघाला, पण श्रेय बेतानंच द्यावं. स्वतःच्या नव्या गाण्यांचा आधीचा अल्बम २००५चा. अठरा वर्षं ‘यंदा नक्की’ म्हणत राहिलं की एखादं वर्ष लागायचंच.

‘हा शेवटचाच दौरा’ हे भाकीत त्याहून जुनं. २००३मध्ये स्टोन्स मुंबईच्या ब्रेबॉर्नवर वाजवून गेले, तेव्हा त्यांचा गायक जॅगर साठीला टेकला होता. ‘हॅकनी डायमंड्स’ हा नवा अल्बम आला तेव्हा ऐंशी उलटलेली. तरी पुढच्या अल्बमचं पाऊण काम झाल्याचं त्यानं आधीच सांगून टाकलेलं. २०२४च्या उत्तर अमेरिका दौऱ्याची प्रायोजक होती एएआरपी, म्हणजे पन्नाशीपुढच्यांची संघटना!