बेबी का बाबा?

गुलमंडीच्या बाजारात लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न वयाचा नसतो, मापाचा नसतो, आपल्या खिशाचा तर नसतोच. "बेबी है या बाबा?" बाबा म्हटलं की बाबासूट निघतो: वर जाकीट, गळ्याशी बो. घातलं की दीड वर्षाचं पोर लग्नाला आलेल्या सरपंचासारखं दिसतं. बेबी म्हटलं की टोचणारी जाळी आणि टिकल्या.

आमची चिऊ चिकलठाण्यात, विमानतळाजवळ वाढतेय. विमान उतरताना आवाज आला की ती ताटावरून उठून गच्चीकडे पळते. तेव्हा शर्ट हवा तो विमानाचा. शर्ट होता. पण "मुलीसाठी" म्हणताच त्याची घडी झाली.

"वो बाबा का है, साब. बेबी में बटरफ्लाय आता है."

"पण तिला विमान आवडतं."

"उडता तो वो भी है."

गंमत बघा. पोर पोटात असताना मुलगा की मुलगी हे सांगायला डॉक्टरला बंदी. महाराष्ट्राने तर 1988 मध्येच कायदा केला, देशाचा 1994 मध्ये आला. नऊ महिने एवढी गुप्तता आणि पोर बाहेर आलं रे आलं की पायमोज्यांवरसुद्धा जाहीर फलक. हा कायदा का करावा लागला हे आठवलं की मात्र गुलाबी-निळ्याचं हसू जरा आवरतं.

माझ्या आईला हे सगळंच नवं. तिच्या वेळी बाळाला आधी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं झबलं, मागे बंद, वर कुंची. मुलगा असो की मुलगी, ओलं सारखंच व्हायचं. बोरन्हाणाला काळं झबलंही दोघांना. शिवाय लाडक्या मुलाला फ्रॉक घालून, शेंडी बांधून फोटो काढायची हौस होतीच. माझा तसला फोटो लग्नाआधी सासरी पोचला होता, तरी लग्न झालं. तिकडे अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्टचाही 1884 मधला फ्रॉकमधला फोटो आहे. 1918 मध्ये तर तिथल्या कपडे-व्यापाराच्या एका मासिकाने गुलाबी मुलांना आणि निळा मुलींना, असा सल्ला दिला होता. ही माहिती मी दुकानदाराला ऐकवली.

"अमेरिका का माल अलग आता है," तो म्हणाला.

बुटांच्या दुकानात मी दोन्ही जोड उलटे करून पाहिले. तळ तोच, साचा तोच, नंबर तोच. वर एकीकडे गाडी, दुसरीकडे बाहुली. टाचेतला लाल दिवासुद्धा एकाच जातीचा. मी अंगठ्यापुढे जागा किती, तळ वाकतो का, हे बघत बसलो. चिऊने दोन्ही चाटून पाहिले आणि गाडीवाला पसंत केला.

विमानाचा शर्ट शेवटी घेतलाच. तो चिऊला घालून आम्ही आईसोबत रिक्षाने जालना रोडला लागलो. शेजारच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "बाबा किती गोड आहे हो!" मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "गोड कसला! रात्रभर झोपू देत नाही."