उचलेगिरी दहा टक्क्यांच्या आत

पत्रकारितेच्या एम.ए.ला हल्ली प्रबंधाचे तीन लाडके विषय: विश्वासार्हता, नीतिमत्ता, नवोपक्रम. पोरं बिचारी तिन्हींसाठी तीन प्रकरणं पाडतात. २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या काही वर्तमानपत्रांनी हे एकाच मजकुरात उरकलं होतं. स्तुतिलेख तोच, शब्दन्‌शब्द तोच. पेपर निराळे, आणि लिहिणाऱ्यांची नावंही निराळी! (नवोपक्रम म्हणतात तो हाच.) प्रेस कौन्सिलच्या दोघांच्या उपसमितीने असल्या ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, नावानिशी ७१ पानी अहवाल लिहिला. कौन्सिलने २०१०मध्ये त्याची आटोपशीर आवृत्ती काढली. नावं तेवढी गळाली. मूळ अहवाल माहिती आयोगाचा हुकूम सुटल्यावर २०११मध्ये बाहेर आला.

गाइड मात्र विद्यार्थ्याला बजावतात, ‘अरे, उचलेगिरी दहा टक्क्यांच्या आत ठेव, सॉफ्टवेअर पकडतं!’